जास्तीचा एक आदेश

सकाळी आठ वाजून सात मिनिटांनी धाकटीने एक आकडा जास्त सांगितला, आणि ताईच्या हातातला चहाचा कप ओठांपाशीच थांबला. धाकटी म्हणजे उपग्रह. कपड्यांच्या कपाटाएवढा, चौदा वर्षांचा, सत्त्याण्णव मिनिटांत पृथ्वीभोवती एक फेरी मारणारा आणि वरून लहान होड्यांची हाक ऐकणारा. समुद्रात होडी उलटली की होडीतला माणूस मुठीएवढ्या यंत्राचं बटण दाबतो, ती हाक धाकटीच्या कानावर पडते आणि ती लगेच बचाव कार्यालयाला कळवते. कागदोपत्री तिला लांबलचक नाव होतं, पण तिच्याआधीच्या उपग्रहाला सगळे थोरली म्हणायचे, म्हणून ही धाकटी. सकाळी तीनदा ती कंट्रोल रूमच्या डोक्यावरून जायची, आणि दर फेरीला वर आली रे आली की आधी आपली खुशाली सांगायची. बॅटरी अशी, ताप एवढा, आणि जन्मल्यापासून आजवर ऐकलेले आदेश इतके. आज ती म्हणाली, चाळीस हजार आठशे सतरा. ताईच्या नोंदवहीत, काल संध्याकाळी तिनेच निळ्या शाईने लिहिलेलं होतं, चाळीस हजार आठशे सोळा.

शेजारच्या खुर्चीत अँटेना चालवणारी मुलगी होती. अखंड चिवचिवाट चालायचा म्हणून तिला सगळे चिमणी म्हणत. पडद्यावर एक पिवळी चौकट आली होती आणि चौकटीत बटण होतं, ‘जुळवून घ्या’. ते दाबलं की आपला आकडा तिच्या आकड्याएवढा व्हायचा आणि चौकट निघून जायची. चिमणीचं बोट माउसवर टेकलंच होतं.

“थांब,” ताई म्हणाली.

“अहो ताई, एकाचा तर फरक आहे. मशीन स्वतःच म्हणतंय, जुळवून घ्या.”

“मशीनचं काय जातंय जुळवून घ्यायला.”

चिमणी हसली, पण बोट उचललं. ताईने कप खाली ठेवला. कप बशीवर नीट बसला नाही, किंचित वाजला, आणि तेवढ्या आवाजाने तिच्या मानेवर काटा आला. एक. एक म्हणजे तसं काहीच नाही. चष्मा पुसताना चुकून दाबलं गेलेलं बटण, शिंक, डुलकी. पण वर सहाशे किलोमीटरवर शिंक येत नाही. धाकटीला कुणीतरी काहीतरी सांगितलं होतं आणि तिने ते मुकाट्याने ऐकलं होतं, आणि ते सांगणारे या खोलीतले नव्हते. घरी परतावं आणि सोफ्याची उशी नुकतीच कुणी बसून उठल्यासारखी खोलगट दिसावी, तसं काहीतरी तिला वाटलं. आणि त्याचवेळी, याची तिला जरा लाजही वाटली, पोटात एक हलकीशी गुदगुली झाली. चौदा वर्षं ती हा आकडा रोज लिहीत होती. चौदा वर्षांत त्या आकड्याने तिच्याशी पहिल्यांदाच काही बोलायचं ठरवलं होतं.

साहेब आले ते हातातली किल्ल्यांची जुडी खुळखुळवत. केंद्राचे प्रमुख, ताईपेक्षा नऊ वर्षांनी लहान, माणूस मनाचा चांगला, फक्त वाईट बातमी ऐकताना आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे, जणू ती बातमी चुकीच्या वेळी आली आहे. त्यांनी घड्याळाकडे बघितलं. मग म्हणाले, “ताई, लिहिण्यात काही घोळ? काल संध्याकाळी गडबड होती.”

आणि ताईच्या घशात एक जुना शब्द वर आला. ‘हो, असेल.’ सव्वीस वर्षांपूर्वी तिने तो याच इमारतीत, खालच्या मजल्यावर उच्चारला होता. तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती, वेणी घालायची, आणि थोरलीच्या बॅटरीचा ताप दर तिसऱ्या फेरीला अर्ध्या अंशाने चढतो आहे हे तिला दिसलं होतं. अर्धा अंश. तिने तो मोठ्या साहेबांना दाखवला. ते मान वर न करता म्हणाले, मोजताना चुकली असशील. ती म्हणाली, हो, असेल. इतकंच. तीन आठवड्यांनी थोरली एका फेरीला वर आली आणि तिने खुशाली सांगितलीच नाही. कुणी ताईला बोल लावला नाही, कारण कुणाला ते संभाषण आठवतच नव्हतं. आठवत होतं ते फक्त तिला, आणि तेही त्या वाक्यामुळे नाही, तर ते म्हणून झाल्यावर आपल्याला जे हलकं वाटलं होतं त्यामुळे. सुटले, असं वाटलं होतं. पुढे लग्न झालं, मुलगी झाली, नवरा बोटीवरच्या नोकरीतून निवृत्त होऊन घरी बसला आणि शब्दकोडी सोडवू लागला, आणि या सगळ्यात ते हलकं वाटणं अधूनमधून कुठूनही यायचं, भाजी चिरताना, लिफ्टमध्ये, आणि तिला ओशाळं करून जायचं.

“नाही,” ती म्हणाली. “घोळ नाही. आदेश आपला नाही.”

आवाज नेहमीपेक्षा मोठा निघाला. चिमणीने वळून बघितलं. साहेबांची जुडी थांबली.

पुढची फेरी नऊ बेचाळीसला होती. मधल्या वेळात साहेबांनी दुसऱ्या केंद्राला फोन केला, कुणी चाचणी घेतली का म्हणून विचारलं. कुणीच घेतली नव्हती. ताईने यंत्रांतल्या सगळ्या नोंदी काढून तपासल्या. आपल्या अँटेनातून काहीही गेलेलं नव्हतं. म्हणजे जगात दुसरीकडे कुठेतरी, कुणाच्या तरी गच्चीवर किंवा शेडमध्ये, धाकटीची भाषा येणारी एक अँटेना उभी होती. ताई खिडकीपाशी गेली. बाहेर पार्किंग, पार्किंगपलीकडे आपली पांढरी थाळी आकाशाकडे तोंड करून, तिच्या कडेवर दोन कबुतरं. तिला एकदम टेलिफोन एक्सचेंजचा वास आला, तापलेल्या तारांचा आणि रबराचा. आई तिथे कामाला होती. शाळा सुटली की ताई तिच्या स्टुलापाशी जमिनीवर बसून गणितं करायची आणि वर आईचे हात समोरच्या फळ्यावर वायरी खुपसत, काढत राहायचे. एकदा आईने बोलता बोलता हात वर करून शेजारणीला गप्प केलं, हेडफोन दोन्ही हातांनी दाबला आणि कुणाला तरी अगदी गोड आवाजात म्हणाली, “लाइनवर तिसरं कोण आहे?” मग खट् असा आवाज झाला असावा, कारण आई हसली. ताईने विचारलं, तुला कसं कळलं? आई म्हणाली, अगं, तिसरं कुणी ऐकायला लागलं की आवाज जरासा बारीक होतो. पाण्याच्या नळासारखं. खालच्या मजल्यावर कुणी नळ सोडला की आपल्याकडे धार बारीक होते की नाही? पुढे कितीतरी दिवस ताई घरी आलेल्या पाहुण्यांचे आवाज बारीक होतात का ते ऐकत बसायची, आणि कुणीही बारीक बोललं की खाटेखाली वाकून बघायची. ते आठवून आत्ता, खिडकीपाशी, तिला हसू फुटलं.

“ताई, तुम्ही हसताय?” चिमणी म्हणाली. “मला तर भीती वाटतेय.”

“मलाही,” ताई म्हणाली. “दोन्ही चाललंय.”

नऊ बेचाळीसला धाकटी वर आली आणि म्हणाली, चाळीस हजार आठशे वीस. आणखी तीन. या वेळी ते तीन काय होते तेही कळलं, कारण त्यांच्या खुणा राहिल्या होत्या. एक हीटर कारण नसताना चालू होता. आणि होड्यांची हाक ऐकणारा रिसीव्हर, ज्याला सगळे धाकटीचा कान म्हणत, चार सेकंदांसाठी बंद होऊन पुन्हा चालू झाला होता. ताईने हीटर बंद करायचा आदेश दिला, नोंदवहीत लिहिला, आणि मग हात मांडीवर ठेवून बसून राहिली. चार सेकंद. नव्या घरात शिरलेला माणूस भिंतीवरची बटणं एकेक दाबून बघतो, हे कशाचं, हे कशाचं, आणि पंख्याचं सापडलं की लगेच बंद करतो, तसं कुणीतरी चाचपत होतं. त्याला कान सापडला होता. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं, आणि या वेळी ते बरोबर होतं, कारण अडचण घड्याळाचीच होती. सकाळची शेवटची फेरी अकरा वीसला. ती उतरती, क्षितिजाला घासून जाणारी, जेमतेम सहा मिनिटांची. त्यानंतर धाकटी थेट संध्याकाळी सहा पन्नासला दिसणार. मधले साडेसात तास ती जगभर फिरणार, वाटेत त्या परक्या अँटेनावरूनही जाणार, आणि खाली समुद्रात तीन हजारांवर होड्या.

“काकांना फोन लावा,” ताई म्हणाली.

काका म्हणजे धाकटी बनवणाऱ्या तुकडीचे प्रमुख. निवृत्त होऊन सहा वर्षं झालेली. त्यांनीच धाकटीत एक कुलूप बसवलं होतं. त्या काळी सगळे त्यांना हसले होते. उपग्रहाशी बोलायला लागणारी अँटेना इतकी मोठी आणि महागडी, ती बांधेल तो आपल्या ओळखीचाच असणार, कुलूप कुणासाठी? काका म्हणाले होते, दार आहे तिथे कडी असावी. कुलूप बसलं, पण कधी लावलं गेलं नाही. एकदा लावलं की धाकटी प्रत्येक आदेशासोबत एका गुप्त आकड्याची खूण मागणार, आणि ती नसेल तर ऐकणारच नाही. किल्लीचा तो आकडा एका पाकिटात, केंद्राच्या तिजोरीत. त्याचीच जोडीदार प्रत वर, धाकटीच्या पोटात.

फोन काकूंनी उचलला. “ते गच्चीवर आहेत. झाडांशी बोलतायत. माणसांशी बोलायचं असेल तर दुपारी करा.”

“काकू, धाकटीचं काम आहे.”

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज झाला, मग भराभर जिना चढणारी पावलं, मग धापा टाकत काकू, “अहो, धाकटीचा फोन!” जणू धाकटीने स्वतःच केला होता. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “लाव.”

“काका, ते कधी वर तपासलंय?”

“जमिनीवर शंभरदा.”

“आणि वर?”

गच्चीवरचा वारा फोनमध्ये शिरला. “एकदाही नाही,” काका म्हणाले. “मंजुरीच मिळाली नाही. आणि चौदा वर्षं झाली. वर सारखा किरणांचा मारा असतो. तिच्या पोटातल्या किल्लीचा एखादा आकडा फिरलाही असेल. फिरला असेल आणि तू कुलूप लावलंस, तर ती चोराचंही ऐकणार नाही आणि तुझंही. कायमचं.”

“परत उघडायची काहीच सोय नाही? काही दिवसांनी आपोआप?”

“ठेवली नाही. वाट चोरालाही बघता येते.” मग म्हणाले, “एक आहे. किल्ली ती सांगणार नाही, पण किल्लीच्या चार तुकड्यांची एकेक बेरीज सांगेल. चार उत्तरं येतील. ती तुझ्या पाकिटातल्या बेरजांशी जुळव. जुळली तर डोळे मिटून लाव.”

साहेबांनी तोवर मुख्य कार्यालयाला परवानगीचं पत्र पाठवलं होतं, आणि पत्र मिळाल्याची पोच आली होती, आणि पोचेत लिहिलं होतं की अशा पत्रांवर दोन कामाच्या दिवसांत विचार होतो. साहेब ते वाचून खुर्चीत बसले. मग उठून तिजोरी उघडली. पाकीट काढून ताईसमोर ठेवलं. लाखेचा शिक्का जुनेपणाने तडकलेला होता, आतला कागद अजून नवा करकरीत. “सही माझी असेल,” ते म्हणाले. “पण मला आकडे कळत नाहीत, ताई, तुम्हाला माहितीय. तुम्ही सांगाल तेव्हा हो.” त्यांनी बचाव कार्यालयालाही कळवलं, आज धाकटीवर विसंबू नका म्हणून. ते वाक्य बोलताना त्यांचा आवाज घरातल्या माणसाची तक्रार बाहेर सांगावी तसा झाला.

अकरा वीस. चिमणीने थाळी जवळजवळ जमिनीला टेकेल इतकी खाली वाकवली. बडबड बंद झाली होती. खोलीत फक्त पंख्यांची घरघर आणि ताईच्या डाव्या कानात स्वतःच्या रक्ताची धाप. धाकटी आली. चाळीस हजार आठशे पंचवीस. म्हणजे हीटर बंद करायचा आपला एक सोडला तर एका फेरीत आणखी चार. ताईने बेरजा विचारल्या; तो झाला आदेश सव्विसावा. पहिलं मिनिट गेलं. पहिली बेरीज आली, जुळली. दुसरी आली, जुळली. मग खरखर. थाळीसमोर दूरवरच्या टेकडीचा खांदा येत होता. चौथी आली. जुळली.

“तिसरी?” साहेब म्हणाले.

“हवेतच राहिली,” चिमणी म्हणाली. “परत विचारू? परत विचारलं तर कुलपाला वेळ नाही उरणार. दोन मिनिटं दहा सेकंद. दोन मिनिटं.”

ताई त्या रिकाम्या जागेकडे बघत होती. तीन ओळी भरलेल्या आणि मध्ये एक कोरी. आयुष्यभर तिने पूर्ण आकडेच वाचले होते. कोऱ्या जागेवर काय असेल हे सांगायचं काम तिचं नव्हतं, कुणाचंच नव्हतं. आणि ते सांगायला आता तिच्याखेरीज कुणी नव्हतं. तिला वाटलं होतं असल्या क्षणी थोरली आठवेल. थोरली आठवली नाही. आठवली ती लेक, पाच वर्षांची, पोहायच्या तलावाच्या काठावर, नाक चिमटीत धरून विचारणारी, आई, पाणी खोल आहे का गं? आणि आपण काय म्हणालो होतो? माहीत नाही, म्हणालो होतो, उडी मार, मी आहे. केवढं धाडसी उत्तर ते, आणि किती सहज दिलेलं.

“लाव,” ती म्हणाली.

साहेब म्हणाले, “हो.” सव्विसाव्यानंतर सत्ताविसावा आदेश गेला. सात सेकंदांनी उत्तर आलं, कुलूप लागलं. चिमणीने श्वास सोडला, पण ताईने नाही, कारण खरी गोष्ट पुढेच होती. तिने पाकिटातल्या आकड्याची खूण जोडून एक साधा प्रश्न वर पाठवला, तुझ्या घड्याळात किती वाजले? बाकी काही नाही. धाकटीने वेळ सांगितली की झालं. सगळे पडद्याकडे बघत राहिले. चाळीस सेकंद. तीस. खरखर दाट झाली. थाळी अजून खाली जाईना, तिचा लोखंडी टेकू लागला आणि तो ठक् आवाज आत खोलीपर्यंत ऐकू आला. धाकटी टेकडीमागे गेली. वेळ सांगितली नाही.

आता ती आतून कडी लावून बसली होती, आणि आपण आत आहोत की बाहेर हे संध्याकाळी सहा पन्नासपर्यंत कळणार नव्हतं.

कुणी कुणाला दोष दिला नाही, हे तर आणखी अवघड. साहेब म्हणाले, जेवून घ्या. ताई जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडली आणि जेवायचं सोडून चालत सुटली. रस्त्यावर दुपार होती, अगदी साधी, धुऊन वाळत घातलेल्या चादरीसारखी. चष्म्याच्या दुकानात एक म्हातारे गृहस्थ लाल फ्रेम लावून आरशात बघत होते आणि त्यांची बायको मान हलवत होती, नाही, नाही. एक पाववाला गाडीतून ट्रे उतरवत होता. तिच्या मनात आलं, यांतल्या कुणालाच माहीत नाही. मग लगेच आलं, मलाही यांचं काय माहीत आहे? त्या गृहस्थांनी आज काय लावून टाकलं असेल, कशाचं उत्तर यायचं राहिलं असेल? ही कल्पना तिला इतकी आवडली की ती तिथेच उभी राहिली. अख्खा रस्ता उत्तराची वाट बघत होता आणि तरी लाल फ्रेम लावून बघत होता. तिने स्वतःला तपासलं. ते जुनं हलकं वाटणं आलंय का, सुटले म्हणणारं? नव्हतं. छातीवर चांगलं वजन होतं. धड, गोल, स्वतःचं वजन, कलिंगड उचलून घरी नेताना असतं तसं. धाकटी गेली असेल तर ती मी घालवली असेल, हो असेल म्हणून नाही, लाव म्हणून. तिला भूक लागली. पाववाल्याकडून तिने एक गरम पाव घेतला आणि चालता चालता नुसताच खाल्ला.

घरी फोन केला. आईने उचलला. आई आता ब्याऐंशीची, ताईकडेच राहायची. “आवाज बारीक का गं?” ती म्हणाली.

“काही नाही. रस्त्यात आहे.”

“रस्त्याचा बारीक वेगळा. हा पोटातला आहे.”

“आई, एका ठिकाणी फोन लावलाय. पलीकडून कुणी उचललं की नाही तेच कळत नाहीये.”

आईने विचार केला. ताईला तो विचार ऐकू आला, जुन्या एक्सचेंजमध्ये वायर एका भोकातून दुसऱ्यात जावी तसा. “मग तू ठेवू नकोस,” आई म्हणाली. “आमच्याकडे हेच व्हायचं. पलीकडचा बोलत असायचा आणि इकडचा कंटाळून ठेवून द्यायचा. बरं, तुझा नवरा विचारतोय, चार अक्षरी शब्द, शेवटी ‘ळ’, अर्थ गडबड.”

“सावळागोंधळ.”

“चार म्हणाले ना!”

“मग गोंधळच घाला म्हणावं, एक घर रिकामं सोडून,” ताई म्हणाली आणि भर रस्त्यात मोठ्याने हसली.

सहा वाजता कंट्रोल रूममध्ये गर्दी झाली. स्वागतकक्षातली बाई आली, विजेचं काम बघणारे दोघे आले, हिशेब विभागातला जाड भिंगाचा गृहस्थ, ज्याने चौदा वर्षांत एकदाही वर डोकावलं नव्हतं, तोही येऊन भिंतीला टेकला. सव्वासहाला काका आणि काकू आले. काकांच्या पायांत गच्चीवरच्या रबरी चपला, हाताला माती. दोन बसगाड्या बदलून आले होते. काका थेट ताईच्या खुर्चीमागे उभे राहिले आणि खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली. तिला वाटलं, सांगावं यांना, तिसरी बेरीज आलीच नव्हती. मग ती वळून म्हणालीच, “काका, तिसरी नव्हती आली. तरी लावलं मी.”

“मीही लावलं असतं,” काका म्हणाले. मग म्हणाले, “नसतं लावलं. खरं सांगतो. माझी छाती झाली नसती.”

“बसा हो तुम्ही,” काकू म्हणाल्या, आणि त्यांना एका खोक्यावर बसवलं.

सहा पन्नास. थाळी वळली. धाकटी आली आणि नेहमीसारखी आधी खुशाली सांगू लागली. बॅटरी चांगली. ताप चांगला. कान चालू. नाकारलेले आदेश: चौतीस.

“चौतीस!” चिमणी ओरडली. “चौतीसदा दार वाजवलंन मेल्याने!”

खोलीत हशा उठला, पण ताईने हात वर केला, कारण नाकारलेल्यांत आपलाही असू शकत होता. तिला हवी होती ती पुढची ओळ. स्वीकारलेले आदेश. कुलूप लावलं तो सत्ताविसावा. तिथेच आकडा थांबला असेल, तर सकाळचा आपला प्रश्नही त्या चौतिसांत पडला, आणि मग या खोलीतल्या कुणाचाच आवाज आता धाकटीला ओळखू येणार नव्हता.

चाळीस हजार आठशे अठ्ठावीस.

ताईने तो एकदा वाचला. मग मोठ्याने वाचला. मग काकांकडे वळून तिसऱ्यांदा वाचला, आणि शेवटच्या आकड्यावर तिचा आवाज फुटला. धाकटीने सकाळीच ऐकलं होतं. वेळ सांगितलीही होती. ती टेकडीपलीकडे सांगितली होती, इतकंच. काकांनी मातीच्या हातांनी चेहरा झाकला. काकू म्हणाल्या, “आता रडताय होय? सहा वर्षं मला सांगतायत, कुलूप एकदम पक्कं आहे.” साहेबांनी घड्याळाकडे न बघता चिमणीला मिठी मारली, मग ते लक्षात येऊन हिशेबवाल्यालाही मारली. ताईने खूण जोडून पुन्हा विचारलं, किती वाजले? आणि धाकटीने सेकंदासकट सांगितलं.

नाकारलेल्यांची यादीही तिने पाठवली, वेळेसकट. ताई ती वाचत गेली. हीटर चालू कर, नाकारलं. वळ, नाकारलं. मग एक वाजून बावन्न मिनिटांपासून ओळीने सहा वेळा एकच आदेश. कान बंद कर. कान बंद कर. ती वाचता वाचता हळू झाली. सहाही ठिकाणी पुढे तोच एक शब्द होता. यादी छापून तपास करणाऱ्यांकडे पाठवायची होती, ती अँटेना शोधायची होती, बाकीच्या उपग्रहांना सावध करायचं होतं, उद्यापासून ढीगभर काम. तेवढ्यात मुख्य कार्यालयाचं पत्र आलं की कुलपाचा प्रस्ताव विचाराधीन असून तूर्त कोणतीही कृती करू नये, आणि साहेबांनी ते सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. काकू हसता हसता खाली बसल्या.

फोन वाजला तो त्या हसण्यातच. बचाव कार्यालयातली अधिकारी होती. “सकाळी तुमचे साहेब म्हणाले, धाकटीवर विसंबू नका,” ती म्हणाली. “आम्ही विसंबलो. दोन वाजून दहा मिनिटांनी तिने एका होडीची हाक कळवली. तिघे जण, उलट्या होडीला धरून. साडेचारला काढले बाहेर. तिघेही ठीक आहेत. त्यांतल्या नाखव्याला आभार मानायचेत. मी म्हटलं, आमचे नकोत, तिकडे माना. देऊ?”

ताईने एका हाताने दुसरा कान झाकला. दोन वाजून दहा. एक बावन्नला सुरू झालेले ते सहा आदेश अजून तिच्या मांडीवरच्या कागदावर होते. फोनमध्ये खोकल्याचा आवाज आला, मग घसा बसलेला एक माणूस बोलू लागला, भराभर, जणू अजून पाण्यात होता.

“ताई, मला त्यातलं काही कळत नाही. ते बटण मी दाबलं, तर दिवाच लागला नाही. म्हटलं, बिघडलं. म्हटलं, कुणाला कळणार आता. भाऊ म्हणाला, सोड ते, होडीला धर. पण मी दाबूनच धरलं. दोन तास दाबून धरलं, ताई. अंगठा बघा, अजून सरळ होत नाही. मला एवढंच विचारायचं होतं, ते कधी पोचलं तुमच्याकडे?”

खोलीत अजून हसणं चालू होतं. ताईने खुर्ची खिडकीकडे वळवली.

“पहिल्यांदा दाबलंत ना,” ती म्हणाली, “तेव्हाच पोचलं होतं.”